बाण नसलेल्या रेघा

“बाण देऊ का?” उद्धव लोहारने विचारलं.

संध्याकाळचे सात चाळीस झाले होते. आठ वाजता पाचवं पान छपाईला सोडायचं होतं आणि त्यावर तीन स्तंभांची जागा अजून रिकामी होती. तिथे एक आकृती जायची होती. उद्धव आमच्या ‘खोरेवार्ता’चा पेजसेटर. माझ्याकडे न बघता पडद्याकडे बघत त्याने विचारलं, म्हणजे उत्तर लवकर हवं होतं.

“कसले बाण?”

“हे गोळे रेघांनी जोडलेत. रेघ कुठून निघाली आणि कुठे पोचली, हे वाचणाऱ्याला कळायला नको?”

मी आकृतीकडे पाहिलं. लहानमोठे गोळे, त्यांना जोडणाऱ्या रेघा, रेघांवर बारीक आडव्या खुणा.

“दे,” मी म्हणालो.

“दोन मोठे गोळे दोन-दोन रंगांचे आहेत. आपलं पान काळं-पांढरं. ज्याचा वाटा मोठा, त्याचा एकच रंग ठेवतो.”

“ठेव.”

“आणि हा बारका फार लांब बसलाय. एकट्यासाठी अर्धा स्तंभ जागा खातोय.”

“काढून टाक.”

सात अठ्ठेचाळीसला पान सुटलं. त्या आठ मिनिटांत मी तीन चुका केल्या. याला सोळा वर्षं झाली. तिन्ही मला अजून क्रमाने आठवतात.

आकृती केतकी शेंबेकरची होती. ती पुण्याहून आमच्या तालुक्यात माशांवर संशोधन करायला आली होती. आमच्याकडे एकाच नदीवर दोन गावं आहेत, वर उंबरकडे आणि खाली पायरवाडी. मध्ये तीन पुरुष उंचीचा कडा, त्यावरून नदी खाली पडते. दोन्ही गावांत एकेक डोह आणि प्रत्येक डोहात देवाचे मासे. हातभर लांब, सोनेरी खवल्यांचे, चुरमुरे टाकले की पायाशी येणारे. त्यांना कुणी धरत नाही, खाण्याचं तर नावच नाही. नियम एकच आणि कडक. देवाचा मासा पाण्याबाहेर काढायचा नाही.

दुसरी एक रीत आहे. मुलगी लग्न होऊन निघाली की माहेरच्या डोहातलं कळशीभर पाणी डोक्यावर घेऊन जाते आणि सासरच्या डोहात ओतते. कळशीच्या तोंडाला फडकं बांधलेलं असतं. या रीतीवर मी एकदा रविवारच्या पुरवणीत पाऊण पान लिहिलं होतं, फोटोसकट.

दोन गावांत सोयरिकी भरपूर आणि भांडण एक. देव पहिल्यांदा कुणाच्या डोहात प्रकटला? ज्याच्या डोहात, त्याची पालखी चैत्रात पुढे. हे भांडण इतकं जुनं की व्याही व्याह्याला जेवायला वाढता वाढता ते काढतो आणि ताक येईपर्यंत संपवतो.

केतकीला दोन्ही डोहांतल्या माशांच्या कल्ल्याजवळच्या पराचा नखाएवढा तुकडा हवा होता. तो पर पुन्हा वाढतो. पायरवाडीच्या देवस्थानचे अध्यक्ष आप्पा शेवाळे आधी नाही म्हणाले होते. मी मध्ये पडलो. मी म्हणालो, बाई मासा पाण्यातच धरेल, पाण्यातच कातर चालवेल. आप्पा म्हणाले, “तुझ्या शब्दावर देतो, केंजळे. मासा पाण्याभाईर आला, तर तुला पाण्यात घालीन.”

पहिल्या वर्षी तिने साठ मासे तपासले, एकतीस वरचे आणि एकोणतीस खालचे. त्याची आकृती घेऊन ती आमच्या कार्यालयात आली, तेव्हा मी तिला प्रामाणिकपणे सांगितलं की मला यातलं काही कळत नाही.

“तुम्ही मुद्रितं तपासता ना?” तिने विचारलं.

“पंधरा वर्षं.”

“मग कळेल. प्रत्येक माशाच्या अंगात एक मजकूर असतो. मी त्यातली सातशे अक्षरं वाचली. हा मजकूर फक्त आईकडून येतो, जसाच्या तसा. पण नक्कल करताना कधीतरी एखादं अक्षर चुकतं. ते चुकलेलं अक्षर मग तिच्या लेकींकडे, त्यांच्या लेकींकडे जातं.”

“म्हणजे एकाच ठिकाणी एकच चूक असलेल्या दोन प्रती…”

“एकाच प्रतीवरून आलेल्या. बरोबर. ज्या माशांचा मजकूर तंतोतंत सारखा, ते सगळे एका गोळ्यात. मासे जास्त, तर गोळा मोठा. रंग म्हणजे डोह. आणि रेघेवरची प्रत्येक खूण म्हणजे एका अक्षराचा फरक.”

“मग मूळ प्रत कुठली?”

“ते यात नाही,” केतकी म्हणाली. “कोण कुणाच्या जवळ, एवढंच यात आहे. कोण आधी, ते नाही.”

हे मी वहीत लिहून घेतलं होतं. ती वही बाण द्यायचे की नाही हे ठरवताना माझ्या कोपराखाली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेदहाला आप्पा शेवाळे कार्यालयात आले. सोबत सातजण. त्यांनी पाचवं पान माझ्या टेबलावर पसरलं आणि बोट ठेवलं. मोठ्या पांढऱ्या गोळ्यातून, ज्यावर ‘उंबरकडे’ लिहिलं होतं, एक ठसठशीत बाण निघून काळ्या गोळ्यात घुसला होता, ज्यावर ‘पायरवाडी’ लिहिलं होतं.

“वाच,” आप्पा म्हणाले.

“आप्पा, ते जरा…”

“वाच की. तूच लिवलंयस.”

मी मथळा वाचला. “‘पायरवाडीच्या माशांचे मूळ उंबरकड्यात?’ आप्पा, पुढे प्रश्नचिन्ह आहे.”

“ते बारीक हाय. बाण मोठा हाय.” त्यांनी चष्मा काढला. “सकाळपास्नं उंबरकड्याच्या बाळकूतात्याचा चारदा फोन आला. म्हणतो, ‘आप्पा, लेकरं बरी हायत का आमची?’ आमचे देव त्याची लेकरं? चैत्रात आता पालखी मागं घ्यायची व्हय आम्ही?”

“आम्ही खुलासा छापतो.”

“किती मोठा?”

मी बोटांनी दाखवला. आप्पांनी तो बघितला आणि सातजणांना दाखवला.

“ऐक केंजळे. त्या मासेबाईला सांग, पायरवाडीच्या डोहात आता पाय घालायचा न्हाई. परवानगी बंद.”

मी केतकीला फोन केला. ती रागावली असती तर बरं झालं असतं.

“मला खालच्या डोहातले अजून तीस मासे हवेत,” ती एवढंच म्हणाली. “आठवड्याभरात. पाणी वाढलं की डोहात उतरता येत नाही, आणि माझी शिष्यवृत्ती ऑगस्टला संपते.”

“साठ मासे झालेत ना? तेवढ्यावर नाही भागणार?”

“ते जे दोनरंगी गोळे होते, जे तुम्ही एकरंगी केलेत…” ती म्हणाली. “खालच्या चार माशांचा मजकूर वरच्यांसारखा आहे. ते एक वेळ पुरात वाहून आले असतील. पण वरच्या तीन माशांचा मजकूर खालच्यांसारखा आहे. खालचा मासा त्या कड्यावरून वर कसा जाईल? माझे सर म्हणतात, तू नमुन्यांच्या डब्यांवरच्या चिठ्ठ्यांची अदलाबदल केलीस. पुन्हा तपास, नाहीतर सगळं फेकून दे. म्हणजे माझी दोन वर्षं वाया.”

“आणि तो लांबचा बारका?”

“तो एकच मासा आहे. सर म्हणतात, तीही माझीच चूक. तो तर तुम्ही काढूनच टाकलात.”

मी त्याच दुपारी मोटारसायकल घेऊन पायरवाडीला गेलो. आप्पा ओसरीवर सुपारी कातरत बसले होते. मी म्हणालो, चूक बाईची नाही, माझी. बाण तिने काढलेच नव्हते.

“मग कुणी काढलं?”

“मी.”

“का?”

“वीस मिनिटं उरली होती, आप्पा.”

त्यांनी सुपारी तोंडात टाकली. “छापलंस समद्यांपुढं, तर पुसायचं बी समद्यांपुढं. परवा सकाळी कड्याच्या कातळावर ये. बाईला घेऊन ये. उंबरकड्याला मी सांगावा धाडतो. बाळकूतात्याच्या डोळ्यांदेखत पुस ते बाण. मग बघू परवानगीचं.”

आत दारात त्यांची बायको गजराकाकी चहा घेऊन उभी होती. तिने विचारलं, “बाईंचं काय काम अडलंय?” मी दोन्ही रंगांची गोष्ट सांगू लागलो. “वरच्यात खालचे तीन सापडले?” असं म्हणून तिने पदर तोंडाला लावला आणि घाईने आत गेली. मला वाटलं, ठसका लागला असेल.

कातळावर वीज नव्हती, आणि केतकीच्या लॅपटॉपचा पडदा उन्हात काळा दिसत होता. दोन्ही गावांची मिळून शंभरएक माणसं. उंबरकड्याची उजवीकडे, पायरवाडीची डावीकडे, बायका मागे आंब्याखाली एकत्र. केतकीने पडद्यावर सावली धरून पाहिली, मग लॅपटॉप मिटला.

“देवळातली भांडी मिळतील का?” तिने विचारलं. “आणि दोरा. हळद आणि कुंकू.”

भांडी आली. तिने मोठी परात कातळावर ठेवली. “हा सगळ्यात मोठा गोळा. सव्वीस मासे.”

“परात कुणाची?” आप्पांनी विचारलं.

“देवळाची.”

“तसं न्हाई. गोळा कुणाचा?”

“सांगते.” तिने दुसरं मोठं ताट तीन हात अंतरावर ठेवलं. “हे तेवीस मासे.”

“ताट परातीपेक्षा बारकं हाय,” आप्पा म्हणाले.

“तीन मासे कमी आहेत म्हणून, आप्पा.”

“तीन माशांसाठी एवढा फरक? ताट बदल.”

ताट बदललं. उंबरकड्याचे बाळकूतात्या मोरे पुढे आले, परातीभोवती फिरले आणि तिला पाय लागणार नाही अशा बेताने तिच्याशेजारीच उभे राहिले. केतकीने परात आणि ताट यांना दोऱ्याने जोडलं, दोऱ्याला तीन गाठी मारल्या. मग वाट्या मांडल्या, एकदोन गाठींच्या अंतरावर. मजकुराची, चुकलेल्या अक्षरांची गोष्ट तिने मला सांगितली होती तशीच सांगितली. मुद्रितांऐवजी पोथीची नक्कल म्हणाली, एवढाच फरक.

“आईकडनंच येतं?” आप्पांनी विचारलं. “बापाचं काय?”

“या मजकुरात बापाचं काही नाही.”

मागे आंब्याखाली कुणीतरी खुदकन हसलं. आप्पांनी मागे वळून पाहिलं. सगळ्याजणी गंभीर होत्या.

“आता बाण पुस,” आप्पा मला म्हणाले.

मी पुढे झालो. “या दोऱ्याला बाण नाही. दोरा इकडूनही धरता येतो, तिकडूनही. पेपरातला बाण माझ्या मनचा होता. कोणाचे मासे आधीचे, हे यातून कळत नाही.”

“कळत न्हाई?” तात्यांना हे अजिबात आवडलं नाही. “पेपरात तर कळत हुतं.”

“ते चूक होतं, तात्या.”

“दोन दिवस बरोबर हुतं की.”

पायरवाडी हसली. आप्पांचा चेहरा सैल झाला. इथेच उठलो असतो तर परवानगी खिशात होती. पण केतकीने हळदीची पुडी उघडली.

“रंग राहिले,” ती म्हणाली. “हळद वरच्या डोहाची, कुंकू खालच्या.” तिने परातीत हळद पसरली आणि एका कडेला, भाकरीचा तुकडा मोडावा तेवढ्या जागेत, कुंकू टाकलं. “बावीस मासे वरचे. चार खालचे.”

दोन्ही गावांची डोकी परातीवर वाकली.

“म्हंजे?” आप्पा म्हणाले.

तिने ताटात कुंकू पसरलं आणि कडेला हळद टाकली. “आणि इथे वीस खालचे, तीन वरचे.”

“आमच्या डोहात यांचे मासे?” आप्पा.

“आमच्या डोहात यांचे?” तात्या.

दोघं एकदमच बोलले, आणि मला आठवतं त्याप्रमाणे आयुष्यात पहिल्यांदाच त्यांचं एकमत झालं. लगेच फुटलंही.

“वरनं खाली वाहून येतील,” तात्या म्हणाले. “पण खालचा वर चढंल व्हय? ह्या कड्यावरनं? कुणीतरी आणून टाकला. आमचा डोह बाटवायला.”

“आम्ही टाकला? आरं, तूच चोरून नेला असशील, देव कमी पडला म्हणून!”

“देवाचा मासा पाण्याभाईर काढला कुणी? त्याचं नाव सांगा!”

“बाई, नाव काढ त्यात!”

केतकी परातीशेजारी उकिडवी बसली होती. तिचा चेहरा कुंकवापेक्षा लाल झाला होता. “माझीच चूक असेल,” ती पुटपुटली. “डब्या बदलल्या असतील. मी म्हणूनच पुन्हा…”

“न्हाई बदलल्या,” मागून आवाज आला.

गजराकाकी आंब्याखालून उठून येत होती. घाई नव्हती. लुगड्याचा काष्टा सावरत ती परातीपाशी आली, वाकली, आणि परातीतल्या त्या कुंकवाच्या तुकड्याकडे निरखून बघितलं.

“चार म्हणालीस?”

“चार,” केतकी म्हणाली.

“त्यात माझा असंल. माझ्याची लेक, न्हाईतर नात.” मग नवऱ्याकडे वळून, “माझं म्हायेर उंबरकड्याचं, ठावं हाय न्हवं?”

“त्याचं काय?”

“कळशीत काय हुतं वाटलं तुमाला?”

“पाणी.”

“नुसतं पाणी डोक्यावर घिऊन कोण चाललंय दोन कोस? पाणी काय हितं न्हवतं?”

आंब्याखाली आता कुणी गंभीर राहिलं नव्हतं. उंबरकड्याची एक सून उठली. “माझं पायरवाडीचं. मी बी आणलाय. बोटाएवढा हुता.” तिच्यामागे आणखी एक उठली. मग एक म्हातारी बसल्याबसल्याच हात वर करून म्हणाली, “माझे दोन हुते. एक वाटंत मेला.” एक नवी सून उभी राहिली, सासूकडे बघून पुन्हा खाली बसली, आणि सासूच म्हणाली, “ऊठ की. मलाच दावलास न्हवं तू.”

मला माझं पाऊण पान आठवलं. कळशी किती लिटरची, तांब्याची की पितळेची, कुणी घडवली, सगळं मी विचारलं होतं. तोंडाला फडकं का, हे विचारलं नव्हतं.

“गजरा,” आप्पांचा आवाज बारीक झाला होता. “देवाचा मासा पाण्याभाईर काढायचा न्हाई, हा नियम हाय.”

“काढला कुठं? डोहातनं कळशीत, कळशीतनं डोहात. पाण्यातच हुता की समदा वेळ.”

आप्पांनी तात्यांकडे पाहिलं. तात्यांनी आप्पांकडे. काकीच्या उत्तरात खोट काढायला दोघांनाही काही सापडेना. मला वाटतं, दोघंही त्या क्षणी आपापल्या आईची कळशी आठवत होते.

“कधीपास्नं चाललंय हे?” तात्यांनी विचारलं.

“आमच्या सासवांच्या सासवांपास्नं. त्याच्या मागलं हवं तर त्या बाईच्या गाठी मोजा.”

“मग खरं मूळ कुणाचं?” आप्पांनी शेवटचा प्रयत्न केला.

“आता कोण सांगणार? लेकी खाली बी जातात, वर बी जातात.” काकी माझ्याकडे वळली. “आन तू शिकल्यासवरल्याला एकाच बाजूनं बाण काढावासा वाटला व्हय?”

वीस मिनिटं उरली होती, हे पुन्हा सांगण्यासारखं नव्हतं.

परवानगी कुणी दिली असं नाही. काकी केतकीला म्हणाली, “उद्या सकाळी ये. मासा मी धरते, तू काप.” आप्पांनी एवढंच विचारलं, की बापाकडून येणारा मजकूर वाचायची काही सोय आहे का. केतकी म्हणाली, आहे, पण वेगळी अक्षरं वाचावी लागतात आणि वेळ लागतो. “असू दे,” आप्पा म्हणाले. “पण करून ठेव.”

भांडी उचलताना केतकीच्या हातात एक लहान वाटी राहिली. तिने ती मांडलीच नव्हती.

“ही?” मी विचारलं.

“तो लांबचा. खालच्या डोहात सापडलेला एकच मासा. ताटापासून सात गाठी. इथल्या कुणाशीच जुळत नाही. सगळ्या अदलाबदली सुटल्या, ही नाही सुटत. ही मात्र माझीच चूक असावी.”

तिने ताटाला दुसरा दोरा जोडला, त्याला सात गाठी मारल्या आणि टोकाशी वाटी ठेवली. वाटी कातळाच्या पार कडेला गेली. गजराकाकी बघत होती. तिने वाटीकडे पाहिलं, मग आंब्याखाली. सगळ्याजणी उठून डोक्यावर भांडी घेत होत्या. एकजण अजून बसलेली होती. पायरवाडीतलीच, साठीची, सावळी, हातात मोकळी टोपली.

“हौसा,” काकीने हाक मारली. “तू कुठली गं?”

“वारणेकडची,” ती म्हणाली. नदी आमची नव्हे, दोन डोंगर पलीकडची.

“एवढ्या लांबनं? कळशी?”

हौसाबाईने मान डोलावली. “बैलगाडीत, मांडीवर. दीड दिवस. वाटंत तीनदा पाणी बदललं.”

“आन चाळीस वर्षं बोलली न्हाईस?”

“तुमी समद्या इथल्या. माझा एकटाच हुता. हसाल म्हणलं.”

कुणी हसलं नाही. केतकीने कुंकवाची चिमूट उचलली, वाटीत टाकली आणि ती वाटी होती तिथेच, सात गाठींवर, नीट सरळ करून ठेवली.

संध्याकाळी मी कार्यालयात परत आलो. उद्धव पान लावत होता. मी केतकीची मूळ आकृती त्याच्यासमोर ठेवली. बाण नाहीत. मोठे गोळे दोन रंगांचे; पान काळं-पांढरं, तर एका रंगाला आडव्या रेघा मार. आणि लांबचा तो बारका जिथे आहे तिथेच.

उद्धवने मोजपट्टी लावली. “पाच स्तंभ जातील. या एकट्या टिकलीपायी दूध संघाची बातमी बाहेर जाईल.”

“जाऊ दे.”

“थोडा जवळ ओढू का? कुणाला कळणार नाही.”

घड्याळात सात एकेचाळीस झाले होते.

“नको,” मी म्हणालो. “फार लांबून आलाय.”